ताम्रपटावरील रंगभूमी : बरोक नेपथ्याच्या कोरीव चित्रांची साक्ष

सतराव्या शतकातील युरोपीय राजदरबारांच्या रंगभूमीचा विचार करू लागले की अभ्यासकापुढे एक चमत्कारिक परिस्थिती उभी राहते. संहिता उरल्या, संगीत काही अंशी उरले. परंतु ज्या दृश्यवैभवासाठी प्रेक्षक त्या काळी मुख्यतः येत, ते लाकूड, कापड, दोर आणि मेणबत्त्यांच्या उजेडाबरोबर लयास गेले. उरली ती ताम्रपटांवरून छापलेली चित्रे. नाट्येतिहासाचे ग्रंथ ही चित्रे प्रयोगाची छायाचित्रे असल्याप्रमाणे छापतात व त्यांवरून निष्कर्ष काढतात. ही साक्ष कोणाची आहे आणि कोणाच्या वतीने दिलेली आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

व्हिएन्ना येथे 12 व 14 जुलै 1668 रोजी, म्हणजे दोन दिवसांत विभागून, चेस्ती याचे ‘इल पोमो द’ओरो’ हे संगीतक सादर झाले. निमित्त होते सम्राट लिओपोल्ड पहिला याची पत्नी मार्गारिता हिच्या वाढदिवसाचे. नेपथ्य आणि खुद्द लाकडी नाट्यगृह ही दोन्ही लोदोविको बुर्नाचिनी याची निर्मिती. मॅथॉयस क्यूझेल याने त्यातील वीसहून अधिक दृश्ये कोरली. त्यांपैकी नरकमुखाचे चित्र सर्वपरिचित आहे : एका अक्राळविक्राळ मस्तकाचा उघडा जबडा, त्या जबड्यात मृतात्म्यांना पैलतीरी नेणारी नौका आणि पलीकडे जळते नगर. चित्र विलक्षण आहे यात संशय नाही. परंतु ते नीट पाहता असे दिसते की त्यात दृश्यपटांचे सांधे नाहीत, दोर नाहीत, धूर नाही. इतर दृश्यांतही ढगांवर बसलेल्या देवदेवता कोणत्याही आधाराविना तरंगतात. जे यंत्राने साधले ते यंत्र पुसून टाकूनच चित्रकाराने दाखविले आहे. ही चित्रे दरबाराने आपल्या वैभवाची वार्ता दूरवर पोहोचविण्यासाठी काढविली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या वगळण्याचे नवल वाटत नाही. ज्या कथेच्या शेवटी सुवर्णफळ कोणा देवीला न मिळता प्रत्यक्ष सम्राज्ञीलाच अर्पण होते, त्या कथेच्या चित्रांत कप्पी आणि खिळे कसे दिसावेत?

याहून महत्त्वाचा मुद्दा दृष्टिस्थानाचा आहे. या काळचे नेपथ्य यथार्थदर्शनाच्या नियमांनी रचलेले असे. दोन्ही बाजूंचे पार्श्वपट मागे मागे लहान होत जात, रंगमंचाची भूमी मागे चढत जाई आणि सर्व रेषा मध्यभागी एका लोपबिंदूत मिळत. हा आभास नाट्यगृहातील एकाच आसनावरून परिपूर्ण दिसे, आणि ते आसन राजाचे असे. बाजूच्या सज्ज्यांतील प्रेक्षकांना स्तंभ तुटलेले व रस्ते वाकडे दिसत असणार. कोरीव चित्र मात्र नेहमी त्या एकाच आसनावरून काढलेले असते. चित्र हाती घेणारा वाचक, मग तो कोणीही असो, क्षणभर सम्राटाच्या जागी बसतो. छापील प्रतीचे हे एक प्रकारचे औदार्य आहे; तथापि प्रयोग पाहणाऱ्या बहुसंख्यांचा अनुभव तिने आपल्यापासून कायमचा लपविला आहे.

पात्रांच्या आकाराविषयीही सावध असावे लागते. मागील पार्श्वपट इतके लहान असत की नट त्यांच्याजवळ गेला तर तो इमारतीच्या सज्जाला टेकेल. म्हणून त्याला पुढेच वावरावे लागे. चित्रांत मात्र पात्रे चिमुकली व वास्तू प्रचंड दिसतात. अशा चित्रांवरून रंगमंचाची खोली मोजणे धोक्याचे होय.

आणि तरीही या चित्रांचा सर्वांत मोठा उणेपणा आकाराचा नसून काळाचा आहे. जाकोमो तोरेल्ली याने व्हेनिसच्या नोव्हिस्सिमो नाट्यगृहात (हे 1641 मध्ये सुरू झाले) पार्श्वपट बदलण्याची जी युक्ती प्रचारात आणली, तिचे मर्म हालचालीत होते. रंगमंचाच्या फळ्यांतील चिरांमधून खाली उतरणारे खांब चाकांच्या गाड्यांवर बसविलेले असत. त्या सर्व गाड्यांचे दोर एका मध्यवर्ती दंडगोलाशी बांधलेले असत. प्रतिभार सोडताच दंडगोल फिरे आणि एक संच मागे सरकत असतानाच दुसरा पुढे येई. पंधरा वर्षांचा एक मुलगा हे काम करू शके असे समकालीन वर्णन आहे. येथे पडदा पडत नसे. मराठी संगीत नाटकातील गुंडाळल्या जाणाऱ्या रंगीत पडद्यांची सवय असलेल्या वाचकाने हा भेद विशेष लक्षात घ्यावा : प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत समुद्राचे उद्यान होणे हाच तेथे नाट्याचा कळस होता. कोरीव चित्रे आपल्याला समुद्र देतात आणि उद्यान देतात. समुद्राचे उद्यान होणे तेवढे देत नाहीत.

ती उणीव भरून काढण्यास निकोला साब्बातिनी याचा 1638 चा ग्रंथ उपयोगी पडतो. त्यातील साधी लाकूडठशाची चित्रे पाहून कोणाचे डोळे दिपणार नाहीत. पण लाटांसाठी फिरविले जाणारे पिळदार दंडगोल आणि मेघगर्जनेसाठी लाकडी पन्हळातून घरंगळणारे गोळे त्यांतच समजतात. दृश्य बदलताना प्रेक्षकांचे लक्ष मागे वेधावे म्हणून कोणाला तरी भांडणाचे सोंग करावयास लावावे या उपायाचाही तो विचार करतो, व त्यातून खरीच दंगल उसळण्याची भीती असल्याने तुतारी वाजविणे बरे असे सुचवितो. क्यूझेलच्या एकाही चित्रात नाट्यगृहाचे हे जिवंत, थोडेसे बेशिस्त वातावरण आढळत नाही.

याला अपवाद झाक कालो याचा. फ्लॉरेन्स येथील 1617 च्या उत्सवाचे, जूलिओ पारिजी याच्या नेपथ्याचे चित्र त्याने काढले, तेव्हा रंगमंचाबरोबर प्रेक्षागृहही चौकटीत घेतले. दोहोंना जोडणारे जिने आणि नर्तकांभोवती दाटलेला दरबारी समुदाय त्यात आहे. नाट्य कोठे संपते व राज्य कोठे सुरू होते हे त्यात सांगता येत नाही, आणि तेच त्या प्रसंगाचे सत्य होते. कलादृष्ट्या क्यूझेलची चित्रे अधिक दिपविणारी असली तरी साक्षीदार म्हणून कालो श्रेष्ठ मानला पाहिजे.

पॅरिसमध्ये 1645 साली तोरेल्लीने ‘ला फिन्ता पाझ्झा’ सादर केले. कथास्थळ ग्रीसमधील स्कायरॉस बेट. पण कोशँ याने कोरलेल्या बंदराच्या दृश्यात क्षितिजावर दिसतो तो पॅरिसचा पाँ-नफ पूल आणि सेन नदीतील बेटाचा परिचित आकार. हा परका कारागीर आपल्या यजमानांना कसा जिंकू पाहत होता, हे येथे स्पष्ट दिसते. 1660 मध्ये ते पेती-बूर्बों नाट्यगृह पाडण्यात आले. व्हिएन्नातील बुर्नाचिनीचे नाट्यगृहही 1683 च्या तुर्की वेढ्याच्या वेळी उतरविले गेले. यंत्रे आजही जागच्या जागी पाहावयाची तर स्वीडनमधील ड्रॉटनिंगहोम येथे जावे लागते. तेथील 1766 चे नाट्यगृह दीर्घकाळ बंद राहिल्यामुळेच वाचले आणि 1921 मध्ये पुन्हा अभ्यासकांच्या दृष्टीस पडले. तळघरातील चक्र माणसांनी फिरविले की काही क्षणांत सारे दृश्य पालटते, आणि लाकडाच्या घर्षणाचा आवाज प्रेक्षागृहापर्यंत ऐकू येतो.