निवाडा आधी, वाचन मागाहून

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत ‘विद्यार्थ्याची चिकित्सक दृष्टी विकसित करणे’ हे कलम बहुधा असतेच. परंतु अशी दृष्टी घडण्यासाठी जी अनिश्चितता अनुभवावी लागते, ती विद्यार्थ्याच्या वाट्याला कधी येते काय? लेखकाच्या आधी त्याचे विशेषण येते, संहितेच्या आधी तिचे मूल्यमापन येते. आणि वाचन म्हणजे हाती आलेल्या निवाड्यासाठी पुरावे गोळा करण्याचे काम होऊन बसते.

फुले-चिपळूणकर प्रकरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाली. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’तून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुल्यांच्या लेखनावर उपहासगर्भ टीका केली. फुल्यांची भाषा, त्यांचे व्याकरण आणि त्यांचे इतिहासज्ञान ही या टीकेची लक्ष्ये होती. दीर्घकाळ वाङ्मयेतिहासात चिपळूणकर आधुनिक मराठी गद्याचे जनक म्हणून येत, आणि फुले, आलेच तर, समाजसुधारक म्हणून. पुढे हे चित्र पालटले, व ते पालटणे न्याय्यच होते. वर्गातील व्यवहार मात्र तसाच राहिला. पूर्वीचा विद्यार्थी ‘गुलामगिरी’ न उघडता तिची भाषा ओबडधोबड असल्याचे लिहीत असे. आजचा विद्यार्थी ‘निबंधमाला’ न उघडता तिच्यातील उच्चवर्णीय अहंकाराविषयी लिहितो. दुसरे विधान सत्याच्या अधिक जवळचे आहे. पण ते करणाऱ्याची बौद्धिक अवस्था पहिल्याहून वेगळी नाही.

दोन्ही संहिता शेजारी ठेवल्या की अडचणी सुरू होतात, आणि शिक्षणही तेथेच सुरू होते. ‘महार’ शब्दाची ‘महाअरी’ अशी फुल्यांनी केलेली फोड भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकणारी नाही. मत्स्य, वराह, वामन हे अवतार म्हणजे आर्यांच्या स्वाऱ्यांचे म्होरके, हा अन्वयार्थही रूढ अर्थाने इतिहास ठरत नाही. मग चिपळूणकरांचा आक्षेप मान्य करावयाचा काय? तपशिलापुरता तो मान्य करता येईल. परंतु ज्या पुराणकथांनी बळीला पाताळात घातले, त्या कथा उलट बाजूने वाचून त्यांतील सत्तासंबंध उघड करणे हे फुल्यांच्या लेखनाचे प्रयोजन आहे. व्याकरणाच्या चुका मोजणाऱ्या टीकेला हे प्रयोजन दिसलेच नाही. तपशिलात बरोबर असलेला समीक्षक संहितेच्या जातीविषयी ठार चुकू शकतो, ही गोष्ट तयार टिपणातून कळत नाही. शिवाय ‘गुलामगिरी’ची रचनाच धोंडीबा व जोतीराव यांच्या संवादाची आहे. धोंडीबा शंका काढतो, अडवतो, पुन्हा विचारतो. ज्या ग्रंथाने प्रश्न विचारण्याला रचनेचे स्थान दिले, तो पाठ्यक्रमात उत्तरांचा संग्रह म्हणून नेमला जावा, हा विपर्यास आहे.

निवाडा बाजूला ठेवून वाचावयास लावणे हा उपाय नवा नाही. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये कवीचे नाव न सांगता कविता विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या. ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) या ग्रंथात अशा १३ कवितांवरील प्रतिसादांचे विश्लेषण आहे. नावाचा आधार सुटताच सुशिक्षित वाचकही साध्या अर्थापाशीच अडखळतात, हे त्यातून दिसले. आपल्याकडे अपरिचित कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न आला खरा, परंतु आशय, प्रतिमा, भाषाशैली अशा ठरीव मुद्द्यांनी त्याचेही मार्गदर्शिकेत रूपांतर केले. रिचर्ड्सच्या पद्धतीला मर्यादाही आहे. ‘गुलामगिरी’वरून लेखकाचे नाव आणि काळ पुसला, तर उरते ती फक्त चिपळूणकरांना दिसलेली ‘अशुद्ध’ मराठी. कोण, कोठून, कोणाला उद्देशून बोलतो आहे, हे येथे अर्थाचेच अंग आहे. तेव्हा लपवावयाचे ते नाव नव्हे. काही काळ लपवावयाचा तो निवाडा.

एवढा वेळ कोठून आणावयाचा, हा प्राध्यापकांचा आक्षेप खोटा नाही. नेमलेली पुस्तके ‘पुरी’ करण्याचे दडपण खरेच असते. पण ‘चिपळूणकरांच्या टीकेचे स्वरूप स्पष्ट करा’ या प्रश्नाऐवजी धोंडीबाचा एखादा उतारा देऊन, चिपळूणकरांचा कोणता आक्षेप त्याला लागू पडतो व कोणता पडत नाही, असे विचारण्यास पुस्तके वाढवावी लागत नाहीत. तपासणाऱ्याला मात्र प्रत्येक उत्तरपत्रिका वाचावी लागेल.