प्रत्यय आणि संस्कार : वेसाव्याच्या किनाऱ्यावरील एक प्रश्न

‘इम्प्रेशनिझम’ या संज्ञेला मराठीत दोन वेगळे पर्याय मिळाले. चित्रकलेच्या संदर्भात ‘दृक्प्रत्ययवाद’ हा शब्द रुळला, तर समीक्षकाच्या मनावर उमटलेल्या ठशांना प्रमाण मानणाऱ्या समीक्षेला ‘संस्कारवादी’ म्हटले गेले. हा केवळ परिभाषेतला तपशील नव्हे. लुई लरॉय याने १८७४ मध्ये मोनेच्या ल हाव्र बंदराच्या चित्रावरून ही संज्ञा उपहासाने वापरली, तेव्हा तीत अपुरेपणाचा आरोप होता. ‘प्रत्यय’ हा शब्द मात्र खात्रीचा आहे. फ्रेंच टीकाकाराने ज्याला अर्धवट ठरवले, त्याला मराठीने थेट प्रमाणाच्या पंक्तीत बसवले. आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांच्या कोल्हापुरातील निसर्गचित्रांना दृक्प्रत्ययवादी म्हणण्याच्या प्रथेमागेही हीच घाई दिसते.

या औदार्याची परीक्षा उघड्यावर, प्रत्यक्ष समुद्रासमोर बसून केलेल्या चित्रणात होते. अंधेरीच्या पश्चिमेचे वेसावे त्यासाठी सोयीचे उदाहरण आहे. मोनेच्या त्या चित्राचे नावच सूर्योदयाचे. वेसाव्याला सूर्य समुद्रातून उगवत नाही. सकाळी तो चित्रकाराच्या पाठीशी असतो, पाणी सपाट उजळलेले आणि सावल्यांना पारखे. प्रकाश समोरून येतो तो संध्याकाळी, आणि तेव्हा कोळ्यांच्या होड्या, वलांडीवरचे बोंबील, सारेच काळसर आकार होऊन जाते. मालाडच्या खाडीतून येणारा गाळ पाण्याला मातकट करतो. फ्रेंच चित्रांतून शिकलेली निळाई येथे लावली, तर ती पाहिलेली नसून वाचलेली ठरते. भरती-ओहोटीमधले अंतर सुमारे सहा तासांचे. दोन तासांच्या बैठकीत किनाऱ्याची रेषा चित्रकाराला न विचारता सरकलेली असते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट माध्यमाची आहे. धातूच्या नळीतील तैलरंगाचा शोध १८४१ चा. त्यावाचून फ्रान्समधील उघड्यावरचे चित्रण कठीण होते. तैलरंगात गडद थरावर उजळ फटकारा नंतरही देता येतो. मुंबईतील निसर्गचित्रणावर मात्र पारदर्शक जलरंगाचा ठसा खोल आहे, सा. ल. हळदणकरांचे नाव त्या परंपरेत अग्रक्रमाने येते. जलरंगात पांढरा म्हणजे मोकळा सोडलेला कागद. लाटेवरची चमक कोठे येणार हे रंगाचा पहिला ओघळ सोडण्यापूर्वीच ठरवावे लागते, कारण नंतर तेथे उजेड परत आणता येत नाही. त्यात मुंबईची दमट हवा. ओला थर लवकर वाळत नाही, शेजारी ठेवलेला रंग त्यात पसरतो आणि सुटे फटकारे सुटे राहत नाहीत. पाहणाऱ्याला जे क्षणाची नोंद वाटते, ते बरेचसे क्षणाआधी घेतलेल्या निर्णयाचे फळ असते. न्यायदर्शनात संस्कार हा स्मृतीचा हेतू मानला आहे. त्या अर्थाने हाताला वळण लावणारा संस्कारच येथे प्रत्ययाला वाट करून देतो, आणि मराठीने वेगळे केलेले दोन शब्द कागदावर पुन्हा एकत्र येतात.

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारात (‘सौंदर्य आणि साहित्य’, १९५५) चित्राचे द्रव्य रंगसंवेदनांचे असते, आणि सौंदर्य त्यांच्या संवाद, विरोध व समतोल या लयसंबंधांत असते. पिवळ्या वाळूवरच्या जांभळट सावलीचे स्पष्टीकरण ही भूमिका सहज देते. होडी ही होडी आहे याला तिच्या लेखी महत्त्व नाही, आणि निसर्गचित्राच्या रसिकाला हे पथ्य बहुधा उपकारकच ठरते; वेसाव्याचा ‘कोळीवाडा’ म्हणून कौतुक करण्यापासून ते त्याला वाचवते. तिची अडचण काळापाशी सुरू होते. दोन तासांतल्या वेगवेगळ्या प्रकाशांच्या संवेदना एकाच पृष्ठभागावर शेजारी बसवल्या, तर त्यांतील विरोध रंगांचा की वेळांचा? संवेदनांचे घटक समकालीन धरूनच ही मांडणी पुढे सरकते. कोऱ्या सोडलेल्या कागदाचेही तेच. पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो इतर रंगांशी संबंध जोडणारी आणखी एक पांढरी संवेदना आहे. चित्रकाराच्या दृष्टीने ती कोणतीही संवेदना होण्यापूर्वी राखून ठेवलेली जागा आहे.