स्क्रम गाइड जिथे गप्प बसतं
श्वाबर-सदरलँड यांचं २०२०चं ‘स्क्रम गाइड’ शेवटी बजावतं, की यातलं थोडंच घेतलंत तर ते स्क्रम नव्हे. ठीक आहे. पण टेस्ट कधी लिहायच्या, कोड कसा राखायचा, यावर ते गप्प. हे मुद्दामच ठेवलंय, पण टीमला वाटतं, एवढं पुरे! मग रोजची १५ मिनिटांची मीटिंग होते; केंट बेक यांच्या एक्सपीतलं आधी टेस्ट लिहिणं राहून जातं. चार-सहा स्प्रिंटनंतर आपलाच कोड हात लावू देत नाही. आणि सपोर्टवाल्या टीमनं दोन आठवड्यांचा बेत आखायचा तरी कसा? सकाळी तिकीट आलं, की बेत बोंबलला. त्यांना कानबान बरं, हातातल्या कामांवर मर्यादा घालणारं. बोर्ड तर सगळेच लावतात हो. मर्यादेचा आकडा कितींनी लिहिलाय? हात वर करा पाहू.