सम्या इमरान नव्हता

‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ जुलै २०११मध्ये आला तेव्हा मी दहावीत होतो. थेटरात पाहिला नाही. पाहिला तो चार वर्षांनी, हॉस्टेलवर, कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून, एका लॅपटॉपसमोर सातजण दाटीवाटीनं बसून. त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर ‘स्पेन कधी?’ नावाचा ग्रुप निघाला. तुमच्याही फोनमध्ये असा एखादा ग्रुप असेलच. बहुतेक ग्रुपांचं पुढं काही होत नाही, आमचं झालं. मे २०२३मध्ये आम्ही चौघं बार्सिलोनाला उतरलो : मी, पाटील, मंद्या आणि सम्या.

जाण्याआधी मी सिनेमा पुन्हा पाहिला आणि परत आल्यावर आणखी एकदा. हे लिखाण त्या तिसऱ्या वेळेबद्दल आहे.

आधी एक गंमत. सिनेमात तिघं मित्र बुन्योलला टोमॅटोंची होळी खेळतात आणि शेवटी पाम्प्लोनाला बैलांपुढं पळतात. खरी टोमॅटिना ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी असते आणि पाम्प्लोनाचा सान फर्मिन ६ ते १४ जुलैला. म्हणजे ही मंडळी ऑगस्टातून जुलैत गेली! ऑफिसात असतो तर मी यावर बग टाकला असता. पण सिनेमा म्हणून विचार केला तर झोया अख्तरचा निर्णय मला पटतो. समुद्राच्या तळाशी, मग आभाळात, मग बैलांपुढं : प्रत्येक टप्प्यावर जिवाची जोखीम वाढत जाते. गोष्टीला तो क्रम हवा होता, म्हणून कॅलेंडर वाकवलं. एवढी सूट दिग्दर्शकाला द्यायलाच हवी.

सूट देता येत नाही ती दुसऱ्या एका गोष्टीला. तिच्याकडं माझं लक्ष गेलं ते सेव्हिलला.

सिनेमातल्या सहलीचा नियम आठवतोय ना? प्रत्येकानं एकेक साहसी खेळ निवडायचा आणि उरलेल्या दोघांनी तो मुकाट्यानं करायचा. नाही म्हणायची मुभा नाही. अर्जुनला पाण्याची भीती, इमरानला उंचीची. दोघं घाबरतात, मित्र ढकलतात आणि भीती पार केल्यावर त्यांचे चेहरे उजळतात. अर्जुन समुद्रातून वर येऊन रडतो तो प्रसंग मला आजही आवडतो. हृतिक रोशननं तिथं जवळजवळ काहीच केलेलं नाही, आणि म्हणूनच तो जमलाय.

पण या नियमाच्या पोटात एक गृहीतक आहे : मित्र ‘नको’ म्हणाला, तर तो घाबरलेलाच असणार. आणि घाबरलेल्याला ढकलणं हे मैत्रीचं काम.

आम्ही सेव्हिलला स्कायडायव्हिंग करायचं ठरवलं होतं. माणशी दोनशे युरोंच्या पुढं. सम्या म्हणाला, “मला नको, मला चक्कर येते.” आम्हाला तर संवाद आयताच मिळाला. पाटील ओरडला, “इमरान! इमरान!” मंद्यानं व्हिडिओ सुरू केला. मी सम्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, “भावा, एकदाच तर जगायचंय.” तो हसला, पण आला नाही. आम्ही तिघं उड्या मारून आलो, तेव्हा तो एका झाडाखाली बसला होता. बॅगेत पुण्याहून आणलेला चिवडा होता, तो खात होता.

त्या रात्री मी स्प्लिटवाइजवर दिवसाचे आकडे टाकायला बसलो आणि सहज मागं मागं गेलो. बार्सिलोनातलं दुसरं जेवण : सम्या नाही. ‘भूक नाही’ म्हणाला होता. व्हॅलेन्सियातला पाएया : सम्या नाही, ‘पोट बिघडलंय’. ग्रनाडातला फ्लेमेंकोचा शो : सम्या नाही, ‘झोप आलीय’. सहा दिवसांत एका माणसाला इतक्या वेळा भूक नसते, हे कळायला मला एक अॅप उघडावं लागलं.

सम्या एका डिप्लोमा कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. तास घेतले तर पैसे, मे महिन्यात काहीच नाही. स्पेनसाठी त्यानं दोन वर्षं भिशी लावली होती. हे आम्हाला माहीत होतं. विमानाचं तिकीट, व्हिसा, गाडीचं भाडं याचा अंदाज आम्हीच त्याला दिला होता. मध्येच ठरणाऱ्या गोष्टींचा दिला नव्हता, कारण त्या आम्ही अंदाजात धरतच नाही.

आता सिनेमाकडं परत येऊ. पैसा त्यात आहे, पण कसा आहे पाहा. तो अर्जुनचा आजार म्हणून येतो. लंडनमधली नोकरी, सुटीतही जपानी क्लायंटचे फोन, चाळिशीपर्यंत कमवून मग निवृत्त व्हायचं स्वप्न. इमरान त्याचा फोन चालत्या गाडीतून फेकून देतो आणि आपण टाळ्या वाजवतो. लैला त्याला विचारते की चाळिशीपर्यंत जगशील याची खात्री काय? प्रश्न खरा आहे. पण तो ज्याच्या खात्यात भरपूर आहे त्यालाच विचारता येतो. ज्याला पुढच्या जूनमध्ये किती तास मिळतील हे माहीत नाही, त्याला विचारला तर ती थट्टा होते. पैशाचं भान म्हणजे हावरटपणा, एवढा एकच अर्थ या सिनेमाला ठाऊक आहे. निळी ब्यूइक कोणाच्या कार्डावर घेतली, जेवणाचं बिल कोणी दिलं, हे पडद्यावर कधी वादाचं कारण होत नाही. ‘दिल चाहता है’मधल्या गोव्यालाही हाच नियम होता. दहा वर्षांत गाडी स्पेनला पोचली, हिशोब मात्र तेव्हाही मांडला नव्हता.

सेव्हिलहून माद्रिदचा रस्ता साधारण सव्वापाचशे किलोमीटर. स्पेनमध्ये गाडी चालवताना टेकडीवर अधूनमधून एक प्रचंड काळा बैल दिसतो. पत्र्याचा, चौदा मीटर उंच. १९५०च्या दशकात ओस्बोर्न कंपनीनं तिच्या ब्रँडीची जाहिरात म्हणून असे बैल उभे करायला सुरुवात केली. १९८८मध्ये रस्त्याकडेच्या जाहिरातींवर बंदी आली, तेव्हा कंपनीनं अक्षरं पुसली, बैल ठेवला. पुढं बैलही काढायची वेळ आली, तर लोकांनीच विरोध केला. १९९७मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा आता नुसती जाहिरात राहिलेला नाही, राहू द्या.

मला वाटतं, आपल्या पिढीसाठी हा सिनेमा म्हणजे तो बैल आहे. स्पेनच्या पर्यटन खात्याचा हात त्याला होता, ही काही लपलेली गोष्ट नाही. कोस्टा ब्राव्हा, सेव्हिल, पाम्प्लोना : अगदी ब्रोशरसारखं. पण आपण त्यातली अक्षरं पुसून टाकली आणि बैल जपला. ‘एकदाच तर जगायचंय’ हे आता कोणी विकत नाही, आपणच एकमेकांना ऐकवतो. मीही सम्याला तेच ऐकवलं होतं.

त्या दिवशी गाडी मी चालवत होतो, सम्या शेजारी होता, मागं दोघं झोपलेले. एक बैल मागं गेल्यावर मी म्हणालो, “सम्या, सॉरी यार.” त्यानं विचारलं, “कशाबद्दल?” सिनेमात इमराननं पहिल्यांदा मागितलेली माफी अर्जुनला पुरत नाही, कारण ती वरवरची असते. तो भाग किती अचूक लिहिलाय हे मला तेव्हा कळलं. मग मी नीट सांगितलं : जेवणं, शो, उडी, ‘इमरान’ म्हणून केलेली आरडाओरड. आणि वर म्हणालो की पुढचं सगळं मी भरतो.

सम्या बराच वेळ बाहेर बघत होता. मग म्हणाला, “तू भरू नकोस. ठरवायच्या आधी विचारत जा. मला नाही म्हणायला लाज वाटते, म्हणून चक्कर येते असं सांगतो.”

परत आल्यावर तिसऱ्यांदा सिनेमा पाहिला तो या वाक्यामुळं, आणि या वेळी नजर कबीरवर होती. अभय देओलचा कबीर हा तिघांतला सगळ्यात कमी बोलला गेलेला माणूस. त्याची गोष्ट काय आहे? अंगठी तो आईसाठी घेतो, नताशाला वाटतं आपल्यासाठी. आणि त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. लग्न ठरतं, पत्रिकेपर्यंत जायची वेळ येते, तरी म्हणता येत नाही. बैलांपुढं पळण्याआधी तिघं शपथ घेतात, त्यात त्याचं साहस एवढंच : जिवंत राहिलो तर नाही म्हणेन.

म्हणजे सिनेमाला माहीत होतं! नकार देणं हे विमानातून उडी मारण्याहून अवघड असतं, हे त्यानं कबीरमध्ये लिहून ठेवलंय. फक्त ते तळाशी, ब्यूइकच्या मागच्या सीटवर बसवलंय. गाणी, टोमॅटो आणि पॅराशूट यांच्या गर्दीत आपण हॉस्टेलवरच्या पोरांनी नियम तेवढा उचलला : मित्राला ढकला. सम्याला आम्ही इमरान समजत होतो, तो कबीर होता.

म्हणून हा सिनेमा टाकून द्या असं मी म्हणणार नाही. मित्रांबरोबर जरूर पाहा, स्पेनलाही जा. फक्त ग्रुपवर पहिला मेसेज ‘कधी?’ऐवजी ‘प्रत्येकी किती?’ असा टाका, आणि सगळ्यात कमी आकडा ज्याचा, त्यावर सहल बेता.

सम्यानं त्याच्या वाट्याचे पैसे तीन हप्त्यांत ऑक्टोबरपर्यंत दिले. मी नको म्हणालो नाही. दिवाळीत पाटीलनं ग्रुपवर ‘व्हिएतनाम?’ टाकलं. पाच मिनिटांत सम्याचं उत्तर आलं : “मला या वर्षी जमणार नाही.” चक्करबिक्कर काही नाही.

मग आम्ही दापोलीला गेलो.