आधीच टिक केलेला चौकोन

२२ जुलै २०१३ रोजी ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी एनएसपीसीसी या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत एक भाषण केलं. विषय होता इंटरनेट आणि मुलं. भाषणाचे दोन भाग होते. पहिला बाललैंगिक अत्याचाराच्या चित्रांबद्दलचा. ती बेकायदेशीरच आहेत, त्याबद्दल वाद नाही. दुसरा भाग कायदेशीर, पण मुलांनी पाहू नये अशा मजकुराबद्दलचा. त्यासाठी बीटी, स्काय, टॉकटॉक आणि व्हर्जिन मीडिया या चार मोठ्या कंपन्या घरोघरी फिल्टर देणार होत्या. नवी जोडणी घेताना स्क्रीनवर प्रश्न येणार, फिल्टरच्या चौकोनात आधीच टिक असणार, आणि तुम्ही नुसतं 'पुढे, पुढे' करत गेलात तर फिल्टर चालू होणार. जुन्या ग्राहकांनाही २०१४ संपायच्या आत विचारलं जाणार. यात सक्ती नाही, निवड तुमचीच, असा सरकारचा दावा होता.

मला हे धोरण त्याच्या याच दाव्यावर तपासायचं आहे. पोर्न चांगलं की वाईट, हा वेगळा लेख झाला. इथे प्रश्न एवढाच, की संमती घेतली असं म्हणताना नेमकं काय घेतलं, कोणाकडून आणि कशासाठी?

आधी तो चौकोन. माझा पगार असे चौकोन बनवण्यातून येतो, त्यामुळे एवढं खात्रीनं सांगू शकतो, की चौकोनात आधीपासून काय भरून ठेवायचं हा बनवणाऱ्याचा निर्णय असतो, वापरणाऱ्याचा नव्हे. बहुतेक लोक सेटिंगला हात लावत नाहीत, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्यावरच पुष्कळसा धंदा चालतो. युरोपच्या कायद्यानं हे ओळखलं. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयानं 'प्लॅनेट४९' खटल्यात सांगितलं, की कुकीजसाठी आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. ब्रिटन तेव्हा अजून युरोपीय संघातच होता. म्हणजे जाहिरातवाल्यानं तुमच्या ब्राउझरमध्ये एक बारकी फाइल ठेवायची तर टिक तुम्हीच करायला हवी. पण अख्ख्या घरानं काय वाचावं हे ठरवायला दुसऱ्यानं केलेली टिक चालेल!

आणि लोकांना खरोखर विचारल्यावर काय झालं? ऑफकॉम या नियामक संस्थेनं जुलै २०१४ मध्ये आकडे दिले. नव्या ग्राहकांपैकी बीटीकडे ५ टक्क्यांनी आणि स्कायकडे ८ टक्क्यांनी फिल्टर घेतला होता. २०११ पासून ही सेवा देणाऱ्या टॉकटॉककडे ३६ टक्क्यांनी. पुढे जानेवारी २०१५ मध्ये स्कायनं जाहीर केलं, की ज्या जुन्या ग्राहकांनी काहीच निवडलेलं नाही त्यांच्याकडे फिल्टर आपोआप चालू होईल, नको असेल त्यांनी बंद करावा. मौनाला संमती मानायची सोय आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत पूर्वापार आहे. तिथे मौन नेमकं कोणाचं असायचं, हेही आपल्याला माहीत आहे.

त्यावरून दुसरा प्रश्न: संमती कोणाची? कॅमेरन यांच्या भाषणात उत्तर स्पष्ट होतं. एका क्लिकमध्ये घरातली सगळी उपकरणं फिल्टरखाली येणार, आणि बदल करायचा अधिकार फक्त खातेदाराला. खातेदार म्हणजे ज्याच्या नावावर बिल येतं तो. रेशनकार्डावरचा कुटुंबप्रमुख म्हणा ना. पाच वर्षांच्या मुलासाठी आईवडिलांनी ठरवावं हे मान्यच. पण वायरीतल्या फिल्टरला पाच वर्षांचा मुलगा, सोळा वर्षांची मुलगी, बायको, आजी आणि भाडेकरू हे सगळे सारखेच दिसतात. डिसेंबर २०१३ मध्ये बीबीसीच्या 'न्यूजनाइट'नं दाखवलं, की या फिल्टरांमध्ये लैंगिक शिक्षणाच्या आणि अत्याचारपीडितांना मदत करणाऱ्या साइटही अडकत होत्या. आता अशी बाई डोळ्यांसमोर आणा, जिच्यावर अत्याचार करणारा माणूसच खातेदार आहे. मदतीची साइट उघडत नाही. ती उघडायला परवानगी कोणाकडे मागायची? त्याच्याचकडे. धोरणाच्या हिशेबात मात्र 'या घरानं' संमती दिलेली आहे. संमती घर देत नाही. ती माणसं देतात.

तिसरा प्रश्न: संमती कशाला? कोणत्या साइट अडवल्या जातात याची यादी कंपन्या ग्राहकापुढे ठेवत नाहीत, आणि ती सतत बदलत असते. ओपन राइट्स ग्रुप या संस्थेनं २०१४ मध्ये सर्वाधिक लोकप्रिय एक लाख साइट तपासल्या. जवळपास पाचातली एक साइट कुठल्या ना कुठल्या ब्रिटिश फिल्टरमध्ये अडकत होती. त्याच वर्षी जानेवारीत 'लीग ऑफ लेजंड्स' या गेमचं अपडेट ब्रिटनमध्ये काही जणांकडे उतरेना. संशय फाइलींच्या नावांवर गेला. त्यातली एक होती 'व्हॅरस एक्स्पिरेशन टायमर'. रोमन लिपीत हे शब्द जोडून लिहिले, की व्हॅरसचा शेवट आणि एक्स्पिरेशनची सुरुवात मिळून मध्येच 'सेक्स' तयार होतो. हे वाचून प्रोग्रामर हसतात, कारण अक्षरांचे तुकडे जुळवणारा असला कोड प्रत्येकानं कधीतरी पाहिलेला असतो. पण हसून झाल्यावर लक्षात येतं, की ही चूक दिसली कारण गेम अडकला. गर्भनिरोधकांबद्दल वाचायला गेलेली मुलगी, पान उघडलं नाही म्हणून कुठल्या फोरमवर तक्रार करणार?

भारतात तर चौकोनाचीही भानगड नाही. ३१ जुलै २०१५ रोजी दूरसंचार विभागानं ८५७ साइट बंद करायचा आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयात पोर्नबंदीची याचिका चालू होती, आणि यादी याचिकाकर्त्याकडूनच आलेली होती. तीत 'कॉलेजह्यूमर' ही विनोदाची साइटही सापडली. गदारोळ झाल्यावर ४ ऑगस्टला सरकारनं कंपन्यांना कळवलं, की ज्या साइटवर मुलांचं अश्लील चित्रण नाही त्या बंद न ठेवायची तुम्हाला मुभा आहे. म्हणजे कशावर काय आहे हे शोधायचं काम कंपन्यांवर आलं. ग्राहकाला विचारावं, असं कोणालाच सुचलं नाही. २००९च्या ब्लॉकिंग नियमांतला सोळावा नियम तर साइट अडवण्यासंबंधीच्या मागण्या आणि तक्रारी गोपनीय ठेवायला सांगतो. यादीच गुप्त असेल तर ती मान्य किंवा अमान्य कशी करायची? आमच्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलातही हेच होतं: 'ही साइट धोरणानुसार बंद आहे' अशी पाटी यायची, धोरण कोणी पाहिलं नव्हतं. आम्ही वायफाय सोडून डोंगल लावायचो. ज्यांना डोंगल परवडायचा नाही, ते धोरण पाळायचे.

धोरणाच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा असा, की दोन पाळ्यांत राबणाऱ्या आईला प्रत्येक फोनची सेटिंग बघायला वेळ नसतो, कदाचित जमतही नाही. तिच्यासाठी आयती सोय हवी. मला हे पटतं. म्हणूनच सोय कुठे बसवायची याला महत्त्व आहे. मुलाच्या फोनवर फिल्टर बसवला तर तो त्या मुलापुरता राहतो. आणि स्वतः निवडलेला फिल्टरही चुकतोच. क्लाउडफ्लेअरनं १ एप्रिल २०२० रोजी घरांसाठी मोफत फिल्टर काढला, त्यात एलजीबीटीक्यू लोकांच्या साइट अडकल्या. कंपनीनं चूक जाहीरपणे कबूल करून दुरुस्त केली, आणि तोवर कोणालाही तो काढून टाकता येत होता. याउलट, साइटचा पत्ता विचारणारी डीएनएसची विचारणा कूटबद्ध करायची सोय मोझिलानं फायरफॉक्समध्ये आणायचं ठरवलं, तेव्हा ब्रिटनच्या इंटरनेट कंपन्यांच्या संघटनेनं जुलै २०१९ मध्ये त्यांना 'इंटरनेट खलनायक' म्हणून नामांकन दिलं. कारण काय, तर त्यामुळे फिल्टर चुकवता येतील. टीका झाल्यावर नामांकन मागे घेतलं, तो भाग वेगळा. पण निवड जर खरंच माणसाची असेल, तर ती त्याच्या हाती देणारा खलनायक कसा ठरतो?

म्हणून पुढच्या वेळी कोणी 'निवड तुमचीच' म्हणून फिल्टर आणला, तर मी चारच गोष्टी बघेन. चौकोन रिकामा आहे का. तो प्रत्येक माणसापुढे येतो, की फक्त बिल भरणाऱ्यापुढे. एखादी साइट अडली तर ती का आणि कोणी अडवली हे दिसतं का. आणि फिल्टर काढताना कोणाला कारण सांगावं लागतं का. यातलं एकही उत्तर चुकलं, तर त्याला बंदी म्हणावं. काही बंद्या योग्यही असतात. मग त्या कायद्यानं, उघडपणे आणि अपिलाची सोय ठेवून कराव्यात. माझ्या नावावर करू नयेत.