भयक्रीडेची संविधानके : एक भाषिक विचार

मेजाभोवती बसून भूमिका घेत खेळावयाच्या कथाखेळांची प्रथा १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने रूढ केली. १९८१ साली सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ने तिला भयानक रसाची जोड दिली. लव्हक्राफ्टच्या कथाविश्वावर आधारलेल्या या खेळात सूत्रधार प्रसंग वर्णितो, खेळाडू आपापल्या पात्राची कृती सांगतात आणि जेथे निष्पत्ती अनिश्चित असते तेथे फाशांचा कौल घेतला जातो. नियम प्रकाशक देतो. संविधानके मात्र पुष्कळदा चाहतेच रचतात. २०१७ पासून मूळ प्रकाशकाने अशा रचनांच्या विक्रीसाठी ‘मिस्काटॉनिक रिपॉझिटरी’ ही स्वतंत्र व्यवस्थाही केली आहे. या लेखनाचे परीक्षण कोणत्या निकषावर करावे, हा प्रश्न विचारणीय आहे.

कथा म्हणून वाचल्यास ही संविधानके बहुधा रुक्ष वाटतात; परंतु तो त्यांचा दोष मानता येत नाही. भय लेखात वसते की कथनात, याचा निर्णय आधी व्हावयास हवा. या बाबतीत भंडारा जिल्ह्याशी निगडित एक उदाहरण उद्बोधक आहे. ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटाचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३ साली नागझिरा अभयारण्यात एका मित्राने नारायण धारप यांची ‘आजी’ ही कथा सांगितली. नागझिरा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. ती कथा ऐकून बर्वे भयभीत झाले. पुढे मूळ कथा वाचली तेव्हा ती त्यांना सामान्य वाटली. भय मित्राच्या कथनाने निर्माण केले होते, असे त्यांनीच सांगितले आहे. धारपांची कथा तरी स्टीफन किंग यांच्या ‘ग्रॅमा’ या कथेवर आधारलेली होती. म्हणजे एकाच बीजाने तीन-चार कथकांच्या हाती निरनिराळे रूप धारण केले.

भयक्रीडेचे संविधानक हे असेच पुढच्या कथकाच्या हाती द्यावयाचे बीज होय. ही दृष्टी स्वीकारली की त्याच्या भाषेकडे लक्ष जाते. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर कथेची वाक्ये स्वार्थी असतात : अमुक घडले. संविधानकाची प्रधान वाक्ये संकेतार्थी असावी लागतात : अमुक केले, तर तमुक घडेल. नवख्या रचनाकारांची चूक नेमकी येथे होते. उदाहरणार्थ, जंगलातील विश्रामगृहाचा एक कल्पित प्रसंग घ्यावा. ‘कंदील विझला आणि तुमच्या अंगावर काटा आला,’ हे वाक्य खेळाडूची कृतीच नव्हे, तर त्याची भावनाही हिरावून घेते. ‘कंदिलाला कोणी हात लावला, तर काच बर्फासारखी लागेल, कोणी उठलेच नाही, तर ज्योत हळूहळू निळी होईल,’ येथे भय खेळाडूच्या निवडीतून उत्पन्न होते. आपणच हात पुढे केला, ही जाणीव अधिक भेदक असते. मनःस्थैर्याचे गुण फाशांनी कमी करण्याचा नियम भयाची मोजदाद करतो. तो भय उत्पन्न करू शकत नाही.

दुसरा दोष पूर्ववृत्ताच्या अतिरेकाचा. शापित घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास सूत्रधारापुरताच लिहिला जातो. खेळाडूंच्या कानी तो पोहोचण्याची एकही वाट रचनाकार ठेवत नाही. असा मजकूर वाचनीय असला, तरी संविधानकाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो.

कथनच सर्वस्व असेल तर संहितेला मोल काय, असा आक्षेप येथे संभवतो. झाडीपट्टीतील खडी गंमत पाहणारास याचे उत्तर देणे कठीण नाही. तेथे कथेचा सांगाडा ठरलेला असतो आणि पुष्कळसे संवाद कलावंत उभ्या उभ्या रचतात. परंतु सांगाडा कच्चा असला की हजरजबाबी कलावंतही भरकटतो. नागझिऱ्यातील त्या मित्रालाही धारपांनी काही दिले होते, म्हणूनच तो ते वाढवू शकला.

यास्तव चाहत्यांच्या या रचनांना अपुरे साहित्य म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे आहे, आणि कथेच्या मापाने त्यांची स्तुती करणे अप्रस्तुत आहे. अपुरेपणा हा त्यांचा धर्मच होय. तो कोठे ठेवावा आणि कोठे ठेवू नये, याचे भान ज्या रचनेत दिसते, तीच उत्तम मानावी.