चार मेंदू, केवढा निष्कर्ष!

गॅलाबर्डा आणि सहकाऱ्यांचा १९८५चा पेपर वाचलाय? डिस्लेक्सिया असलेल्या चार पुरुषांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. भाषेशी संबंधित प्लॅनम टेम्पोराल बहुतेकांत डावीकडे मोठं असतं; या चौघांत दोन्हीकडे सारखं. शिवाय कॉर्टेक्समध्ये भलत्याच जागी पेशींचे पुंजके. काम बारकाईचं, पण मेंदू चारच!

मला जास्त खटकतो तो कार्यकारणभाव. कमी वाचल्यामुळेही मेंदू वेगळा दिसू शकतो ना? २०१४मध्ये जॉर्जटाउनच्या गटाने डिस्लेक्सिक मुलांची तुलना समवयस्कांशी केली, तशीच तेवढंच वाचता येणाऱ्या लहान मुलांशीही. दुसऱ्या तुलनेत ग्रे मॅटरमधला बहुतेक फरक उरलाच नाही. म्हणून पेपर वाचताना आधी कंट्रोल ग्रुप बघा.

पुंजक्यांना मात्र हा आक्षेप लागू होत नाही. ते जन्माआधीच तयार होतात.